मदत हवी आहे: विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा मेंटॉर म्हणून नेमके काय करावे?

सर्व जाणकार सदस्यांना नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किनारपट्टीवरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यंदाच्या सत्रापासून बी.एस्सी.च्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातील तीसेक विद्यार्थ्यांची मेंटॉर, म्हणजे शैक्षणिक सल्लागार, म्हणून माझी नेमणूक झाली आहे. नेमणुकीच्या पत्रात 'विद्यार्थ्यांना शैक्षणिक व अन्य बाबतींत मार्गदर्शन करणे' एवढे एकच वाक्य आहे. त्या वाक्यात काय बसते, काय बसत नाही आणि सल्लागाराने कुठे थांबावे, याविषयी ज्यांनी हे काम मनापासून केले आहे किंवा ज्यांना असा सल्ला विद्यार्थी म्हणून मिळाला आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

आमच्याकडे आजवर हे काम कसे चालले, ते आधी सांगते. नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी आहेत हे विचारले जाते, त्यामुळे कागदोपत्री ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी आहेच. मला आधीच्या मेंटॉरकडून एक लांबोडकी नोंदवही मिळाली. तिच्यात 'विद्यार्थ्याची अडचण' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलेले आहे, 'केलेली उपाययोजना' या रकान्यात 'समुपदेशन केले' असे आहे, आणि वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने, बहुधा एकाच दुपारी, घेतलेल्या दिसतात. अडचणच नव्हती तर समुपदेशन कशाचे केले, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. यात मी त्या व्यक्तीला दोष देत नाही, कारण त्या तासिका तत्त्वावर होत्या आणि ज्या तासाला वर्गात उभे राहावे त्याच तासाचे मानधन मिळत असेल, तर विद्यार्थ्यासमोर बसून त्याचे ऐकून घेण्याचा तास कोणत्या बिलात धरायचा?

पूर्वी यावाचून फारसे अडत नसे. पहिल्या वर्षी ठरलेले विषय, तिसऱ्या वर्षी त्यांतला एक, एवढाच प्रवास असल्यामुळे निवड करण्याचे प्रसंग थोडे होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली आणि मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्यविषय, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) अशी निवडीची ठिकाणे एकदम वाढली. पदवीला किमान १२० क्रेडिट (श्रेयांक) लागतात, थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास, हे आम्हा शिक्षकांनाच कार्यशाळा करून समजावून घ्यावे लागले. मग आचऱ्याहून सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या मुलाला फॉर्म भरण्याच्या दिवशी ते कसे उमजावे? मैत्रिणीने जो विषय घेतला तो, किंवा ज्याचा तास दुपारच्या गाडीआधी संपतो तो, अशी निवड होते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने तर अर्ज पुढे करून सरळ विचारले, "मॅडम, तुमीच सांगा, खयचो घेव?" (कोणता घेऊ?)

माझी खरी अडचण या प्रश्नापाशी सुरू होते. मी 'हा घे' म्हटले तर ती घेईल, घरचेही 'मॅडमनी सांगितले' म्हणून मान डोलावतील, आणि पुढच्या परिणामांची जबाबदारी मात्र तिच्या एकटीवर येईल. उलट 'तुझे तू ठरव' असे म्हणावे, तर ठरवण्यासाठी लागणारी माहिती तिच्यापाशी नाही.

दोन उदाहरणे देते. माझ्या गटातील एका मुलाचे मेजर भौतिकशास्त्र आहे. गणित अवघड जाते म्हणून त्याला मायनरला वेगळाच विषय घ्यायचा आहे. त्याला एम.एस्सी. भौतिकशास्त्रच करायचे आहे, शक्य झाल्यास आय.आय.टी.त. जॅमच्या, म्हणजे आय.आय.टी. व तत्सम संस्थांतील एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेच्या, भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत गणिती पद्धतींचा स्वतंत्र भाग असतो आणि कित्येक संस्था प्रवेशासाठी पदवीला गणित असण्याची अट घालतात, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. दुसरी मुलगी मालवणकडची, घरात मासेमारी, स्वतः हुशार. प्राणिशास्त्र घेऊन पुढे मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, असे तिने ठरवलेले आहे. परंतु एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला) साधारणपणे चार वर्षांची बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) हीच पदवी लागते आणि ती रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मिळते, जे दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. ती आता दुसऱ्या वर्षात आहे. तिला हे कोणत्या शब्दांत सांगावे आणि सांगितल्यावर लगेच पुढे कोणता मार्ग दाखवावा, याचा विचार मी अजून करते आहे. गोवा विद्यापीठातील सागरी विज्ञान हा एक पर्याय मला दिसतो. आणखी कोणते असतील तर कृपया सुचवावेत.

चौथ्या वर्षाबद्दलही विचारायचे आहे. यू.जी.सी.च्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. आमच्यासारख्या लहान महाविद्यालयात त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक दोन्ही कमी. अशा वेळी मुलांना तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जा म्हणावे, की चौथ्या वर्षासाठी दुसरे महाविद्यालय शोधा म्हणावे? घरापासून दूर राहण्याचा खर्च दोन्हींकडे आहेच.

शेवटचा मुद्दा घरगुती अडचणींचा. आंब्याच्या हंगामात किंवा बोटीवर माणूस कमी पडला की मुले आठवडेच्या आठवडे येत नाहीत आणि प्रॅक्टिकलची हजेरी भरत नाही. यात सल्लागाराने किती शिरावे?

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी)

मॅडम, प्रश्न नेमका मांडला आहेत. मी बरीच वर्षे हे काम केले, अर्थात त्या वेळी त्याला नाव नव्हते.

तुमच्या पत्रातील गाभ्याची गोष्ट मला अशी दिसते की सल्लागार नेमला जातो, पण निवडीच्या क्षणी त्याला जागाच नसते. आय.आय.टी.त फॅकल्टी ॲडव्हायझरच्या संमतीवाचून विद्यार्थ्याची सत्राची नोंदणी पुरी होत नाही, त्यामुळे सत्राला एकदा तरी विद्यार्थी त्याच्यासमोर येतोच. आपल्याकडे फॉर्म कार्यालयाच्या खिडकीवर जातो, आणि मेंटॉर भेटतो तो फॉर्म गेल्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणून प्राचार्यांकडे एकच मागणी करा: विषयनिवडीच्या अर्जावर मेंटॉरच्या स्वाक्षरीची एक ओळ असावी आणि त्या आठवड्यात तुम्हाला दोन तास मोकळे मिळावेत. बाकीची नोंदवही मग आपोआप भरते.

'तुम्हीच सांगा' म्हणणाऱ्या मुलीला विषय सांगू नका. त्या निवडीने कोणते दार बंद होते, तेवढे स्पष्ट सांगा. भौतिकशास्त्राच्या मुलासमोर जॅमचा अभ्यासक्रम आणि त्याला हव्या असलेल्या दोन संस्थांचे प्रवेशाचे निकष ठेवा, त्यालाच मोठ्याने वाचायला लावा आणि मग गप्प बसा. निवड उलटीकडून, म्हणजे पुढच्या प्रवेशाच्या अटीकडून मागे, करायची असते ही सवय एकदा लागली की मुले तुम्हाला फार कमी विचारतात. गणित अवघड जात असेल तर ते सोडून देण्याऐवजी तुमच्या गणिताच्या सहकाऱ्याकडे आठवड्याचा एक तास मागून घ्या. अशी मदत मिळवून देणे हेही सल्लागाराचेच काम आहे.

मत्स्यविज्ञानाच्या मुलीला मात्र गोलगोल बोलू नका. एम.एफ.एस्सी.चा रस्ता तिच्या सध्याच्या पदवीतून साधारणपणे जात नाही, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका आणि लगेच कामाचे बोला. सागरी जीवशास्त्राकडे जाणारे रस्ते उघडे आहेत. फील्ड प्रोजेक्टसाठी तिला खाडीतील कांदळवन किंवा मालवणच्या बंदरावर उतरणारी मासळी असा विषय द्या. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ पासून आहे, तेथे एकदा घेऊन जा. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तुमच्याकडून रत्नागिरीपेक्षा फार लांब नाही. आणि तीन विज्ञान अकादमींची मिळून जी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज दिवाळीच्या सुमारास आठवणीने भरून घ्या. तिला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. ते पत्र 'विद्यार्थिनी कष्टाळू व नम्र आहे' असे लिहू नका. तिने कोणता प्रयोग स्वतः उभा केला, कोणते निरीक्षण वहीत नीट टिपले, हे लिहा. असे पत्र लिहिता येण्याइतके विद्यार्थ्याला ओळखणे, एवढे जरी वर्षभरात तुमच्याकडून झाले तरी नेमणूक सार्थकी लागली असे मी म्हणेन.

चौथ्या वर्षाबाबत सरसकट उत्तर नाही. पीएच.डी.कडे खरोखर कल असलेल्या आणि ७५ टक्क्यांच्या वर असलेल्या मुलाने चौथे वर्ष चांगली प्रयोगशाळा असलेल्या ठिकाणी करावे, इतरांनी तीन वर्षांनी बाहेर पडून एम.एस्सी. करावी. साधनांवाचून केलेले 'संशोधन' म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेले प्रकरण असते, ते मुलालाही कळते.

घरच्या अडचणींत शिरावे ते हजेरी वाचवण्यापुरते. कोणता आठवडा जाणार हे आधी कळले तर प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करून घेता येते. पैशांचा प्रश्न असेल तर महाडीबीटीच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील) अर्जाची मुदत तुम्हाला पाठ हवी. मनाची अवस्था बरी दिसत नसेल तर स्वतः समुपदेशक होऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो त्याच्यासमोर लावून द्या आणि पुन्हा विचारपूस करा.

प्रतिसाद (प्राध्यापक, महाड)

सरांच्या स्वाक्षरीच्या सूचनेबद्दल मला शंका आहे. आमच्याकडे तसे करून पाहिले. शेवटच्या दिवशी अर्जांचा गठ्ठा विभागात येतो आणि शिपाई उभा असतानाच सह्या होतात. दोन मोकळे तास मिळणार असतील तरच सही मागा, नाहीतर पुढे काही बिनसले की पालक तुमची सही दाखवतील.

प्रतिसाद (माजी विद्यार्थी, सध्या गोवा)

मॅडम, विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, जी कोणी लिहिली नाही. मी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यू.सी.मध्ये (गुणवत्ता तपासणी विभागात) आहे. आमच्या वेळी प्रत्येक विभागाला आपल्याकडे मुले हवी असत, कारण मुले कमी झाली की कार्यभार कमी होतो आणि कुणाचे तरी पद जाते. त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या सरांनी वनस्पतिशास्त्र सुचवले, रसायनच्या मॅडमनी रसायन. कुणी खोटे बोलले असे नाही, पण प्रत्येकाने आपल्या अंगणातलेच दाखवले. तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात, म्हणून तुमच्या गटातील मुलांना इतर विषयांसाठी दुसऱ्या विभागातील एखाद्या शिक्षकाशी आवर्जून बोलायला सांगा. आणखी एक: ओजेटीचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. ते पाठ्यक्रम उरकल्यासारखे ओळखीच्या दुकानात काढू देऊ नका. एच.पी.एल.सी. यंत्र (औषधातील घटक वेगळे करून मोजणारे) मी पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीत पाहिले. लोट्याच्या किंवा महाडच्या एखाद्या कारखान्यात आधी पाहिले असते तर बरे झाले असते.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, मालवणच्या मुलीशी मी या आठवड्यात बोलणार आहे आणि फील्ड प्रोजेक्टचा विषय तिच्याकडूनच काढून घेईन. महाडच्या सरांची शंका रास्त आहे, त्यामुळे प्राचार्यांना भेटताना आधी वेळापत्रकातील दोन तास मागेन आणि ते मिळाले तरच स्वाक्षरीचा विषय काढेन. कार्यभाराबद्दल जे लिहिले आहे ते माझ्या विभागालाही लागू आहे, हे मला माहीत आहे. भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांशी विद्यार्थ्यांची अदलाबदल करून बोलणे ठेवता येईल का, ते विचारून पाहते.

एक प्रश्न उरतो. ज्या मुलाने पहिल्या वर्षी मायनरला गणित घेतले नाही, त्याला पुढे ओपन इलेक्टिव्ह किंवा स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमातून गणिताचे क्रेडिट मिळवता आले, तर एम.एस्सी. प्रवेशाच्या वेळी संस्था ते 'पदवीला गणित' म्हणून धरतात का? कुणाच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष असा प्रवेश घेतला असेल तर संस्था आणि वर्ष कृपया कळवावे, म्हणजे सत्राचे अर्ज सुरू होण्याआधी मला त्या मुलाला सांगता येईल.