निळ्या सीडी न वाचणारे प्लेस्टेशन २ आणि माळ्यावरचा कॅसेट गेम

कोथरूडकर_४३
नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून दोन खोकी खाली आली. एकात २००६ साली पहिल्या पगारातून घेतलेले प्लेस्टेशन २ (स्लिम) निघाले, तर दुसऱ्यात शाळेत असताना मामाने आणून दिलेला कॅसेटचा टीव्ही गेम, त्याच्या बंदुकीसह. प्लेस्टेशन सुरू होते आणि चंदेरी तळाच्या डीव्हीडी व्यवस्थित वाचते; मात्र निळ्या तळाची सीडी घातली की बराच वेळ घरघर करून शेवटी लाल पडदा दाखवते. एका दुकानात विचारले असता, आतला ‘पॉट’ (लेसरचा प्रवाह कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवून लेन्सची ताकद वाढवून देतो, असे सांगण्यात आले. ते करून घ्यावे का? टीव्ही गेमचा अडॅप्टर हरवला आहे, परंतु जुन्या राउटरच्या अडॅप्टरची पिन त्यात अचूक बसते. तो चालेल का?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे. या वयात खेळायला बसलो की अर्ध्या तासात घड्याळाकडे लक्ष जाऊ लागते. आपण मंडळी वेळेचा मेळ कसा घालता?

डाग_देणारा
राउटरचा अडॅप्टर आधी कपाटात ठेवून द्या, बाकीचे नंतर पाहू. पिन बसते याचा अर्थ वीज जुळते असा होत नाही. राउटरचे अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचे असतात आणि त्यांच्या पिनच्या आतल्या बाजूला धन टोक असते. आपल्याकडच्या कॅसेट गेमना साधारणपणे ९ व्होल्ट लागतात आणि ज्याची ही नक्कल आहे त्या निन्टेंडोच्या मूळ जपानी फॅमिकॉम यंत्राप्रमाणे त्यांतल्या अनेकांत आतले टोक ऋण असते. टोके उलटी पडली तर एका क्षणात यंत्र जाऊ शकते. सरळ पडली तरी आतला रेग्युलेटर (वीज ५ व्होल्टवर आणणारा भाग) ५ व्होल्टच्या वरची सगळी वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो, त्यामुळे १२ व्होल्टवर तो चटका बसेल इतका तापेल. सॉकेटजवळ आतले टोक धन की ऋण हे सांगणारी, मध्ये ठिपका असलेल्या वर्तुळाची खूण कोरलेली असेल; ती वाचूनच अडॅप्टर घ्यायला पुण्यातल्या तापकीर गल्लीत (विजेच्या वस्तूंच्या बाजारात) जा, कारण या नकली यंत्रांमध्ये एकसारखेपणा कधीच नव्हता.

कॅसेट फुंकून घालण्याची आपली सर्वांची सवय आता सोडावी. फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क जुळत असे. तोंडातली वाफ मात्र कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढवत राहिली. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा. कानकाडी काळी निघेल. ती पांढरी निघू लागेपर्यंत पुसत राहा.

बुधवार_रविवार
पॉटविषयी माझे मत स्पष्ट आहे: फिरवू देऊ नका. प्लेस्टेशन २ मध्ये सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी दोन वेगळे लेसर आहेत, म्हणूनच एक प्रकार चालतो आणि दुसरा अडतो. पॉट फिरवल्याने लेसरला जास्त प्रवाह मिळतो आणि यंत्र चार-सहा महिने नव्यासारखे चालते, पण लेसरचे उरलेले आयुष्य त्यातच जळून जाते. माझे एक यंत्र याच उपायाने गेले, तेव्हा हा सल्ला फुकटचा नाही. स्लिमचे झाकण वर उघडते, त्यामुळे लेन्स समोरच दिसते. यंत्र बंद करून तशीच अल्कोहोल लावलेली नवी कानकाडी अगदी हलक्या हाताने, दाब न देता, लेन्सवर फिरवा. ती वाळल्यावरच सीडी घाला. इतके करूनही वाचले नाही तर लेन्सचा पूर्ण संच बदलून घेणे परवडते. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फेरी मारलीत, तर सुट्या भागांसाठी बंद पडलेले एखादे यंत्र मिळूही शकते, अर्थात नशिबाचा भाग आहे.

पावसाळ्यात ही यंत्रे खोक्यात कोंडून ठेवू नका. महिन्यातून एकदा तासभर चालवली तर आतली दमट हवा निघून जाते.

सदाशिव_पेठी
वेळेबद्दल लिहितो. मी कॉलेजात असताना ज्या लांबलचक कथांच्या खेळांत रात्री घालवल्या, ते आता सुरू करत नाही. त्यांत पुढच्या सेव्हच्या जागेपर्यंत पोहोचायला कधी पाऊण तास लागतो आणि तोवर कोणी ना कोणी हाक मारतेच. मग खेळ अर्धवट टाकल्याची चिडचिड घरच्यांवर निघते. त्याऐवजी जेवणानंतर गाड्यांच्या दोन शर्यती, बस्स. तुमचा कॅसेट गेम यासाठी उत्तम आहे: त्यात बहुधा सेव्ह नावाची गोष्टच नसते, तीन जीव संपले की उठायचे.

नव्या टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करायला विसरू नका. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडू लागली की आपल्याला वाटते हात म्हातारे झाले, वास्तविक टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवत असतो.

कोथरूडकर_४३
सर्वांचे आभार. लेन्स पुसल्यावर आठपैकी सहा निळ्या सीडी वाचल्या. उरलेल्या दोन उजेडात धरल्या तर आरपार ओरखडे दिसतात. खूण पाहिली, आतले टोक ऋणच होते, त्याप्रमाणे ९ व्होल्टचा अडॅप्टर आणला. मुलगी कालपासून बंदूक घेऊन बसली आहे, पण बदकांच्या शिकारीच्या खेळात एकही बदक पडत नाही. बंदूकही पुसायची का?

डाग_देणारा
बंदूक निर्दोष आहे. घोडा ओढताच खेळ क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूबवर तो लगेच उमटे. एलईडी टीव्हीवर उशिरा येतो, शिवाय सेन्सरला ओळखू येणारा ट्यूबचा लुकलुकाटही त्यात नसतो. त्यामुळे जवळून नेम धरला तरी उपयोग नाही, ट्यूबचाच टीव्ही लागेल. मिळाला तर आतून साफ करायला स्वतः उघडू नका, बंद केल्यानंतरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठलेला असतो.

बुधवार_रविवार
माझ्याकडे १४ इंची एक चालू स्थितीत आहे, मात्र दुसऱ्या मजल्यावरून उचलून न्यायला दोन माणसे आणावी लागतील. व्यक्तिगत निरोप पाठवा.