पॅनेल म्हणतं ६,२०० भेटी, अ‍ॅनालिटिक्स म्हणतं ९४०. माझ्या नोट्स वाचतं तरी कोण?

गणितवाली
नमस्कार मंडळी. शाळेच्या गणिताच्या नोट्सची माझी छोटी साइट आहे. साधी एचटीएमएल पानं आणि प्रत्येक प्रकरणाची एक पीडीएफ, वर्डप्रेस वगैरे काही नाही. तीन वर्षं रोज रात्री बसून लिहिल्यात. गेल्या महिन्याचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले आणि झोप उडाली. होस्टिंगच्या पॅनेलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स (सर्व्हरच्या लॉगवरून आकडे काढणारा प्रोग्राम) सांगतं: हिट्स ४१,३००, भेटी ६,२००. गूगल अ‍ॅनालिटिक्स (पानात घातलेल्या कोडने मोजणारं) सांगतं: सेशन्स, म्हणजे भेटीच, ९४०. होस्टिंगवाल्यांना विचारलं तर म्हणाले ट्रॅफिक वाढलंय, वरचा प्लॅन घ्या.

मला एवढंच कळायला हवंय की मुलं खरंच वाचतात का. वाचत असतील तर उरलेली दोन प्रकरणं या सुट्टीत लिहून काढीन.

रॉ लॉग, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक मागणीची एकेक ओळ, उतरवून घेतला. त्यात /डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी (वर्डप्रेसचं लॉगिन पान) मागणाऱ्या शेकडो ओळी आहेत, आणि माझ्याकडे ती फाइलच नाही. साइट हॅक झाली का? आणि अशा ओळी तर रांगेने आहेत (आयपी पत्ता बदललाय):

२०३.०.११३.४५ - - [१४/मार्च/२०२५:१६:०२:११ +००००] "गेट /नोट्स/त्रिकोणमिती.पीडीएफ एचटीटीपी/१.१" २०६ ६५५३६ "-" "मोझिला/५.०…"

शून्यएक
ताई, हॅकची भीती आधी काढून टाका. त्या लॉगिनच्या ओळींत पुढचा आकडा ४०४ आहे ना? म्हणजे कुणीतरी दार शोधत आलं आणि दार नाही म्हणून परत गेलं. असे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यावर दिवसरात्र फिरतात. तुमच्याकडे नसलेल्या फाइलपुढे २०० (म्हणजे फाइल मिळाली) दिसलं, तर मात्र लगेच लिहा. पत्ता बदलून टाकलात ते छान केलंत. इथे कुणाचाच खरा आयपी नको.

लॉगवाचक
मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळतोय, आणि हा प्रश्न दरवेळी पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण या आकड्यांवर लोक काम सुरू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवतात.

हिट्स विसरा. एक पान उघडलं की एचटीएमएल, स्टाइलची फाइल, चार चित्रं, फेव्हिकॉन अशा सात ओळी पडतात. माणूस एक, हिट्स सात.

भेटींचा हिशोब दोघांचा वेगळा. एडब्ल्यूस्टॅट्स आयपी पत्त्याला पाहुणा धरतं आणि तासभर शांतता गेली की पुढची भेट नवी मोजतं. गूगल अ‍ॅनालिटिक्स कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून, ओळखतं आणि ३० मिनिटं शांतता गेली की सेशन तोडतं. शिवाय त्याचा कोड ब्राउझरमध्ये चालावा लागतो. बहुतेक बॉट तो चालवत नाहीत म्हणून ते गळतात, पण जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन लावलेली माणसंही त्यांच्याबरोबर गळतात.

आता तुमची ओळ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. २०६ म्हणजे फाइलचा तुकडा दिला. ६५५३६ म्हणजे ६४ किलोबाइट. फायरफॉक्समधला पीडीएफ वाचक मोठी फाइल अशा तुकड्यांनीच मागतो, कधी एकेक तर कधी दोन-चार जोडून. फाइल अडीच एमबीची असेल तर एका मुलाने एकदा वाचली तरी तीसचाळीस ओळी पडू शकतात. म्हणून पीडीएफच्या ओळी मोजू नका. त्या मागणारे वेगवेगळे पत्ते मोजा.

तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. ओळीतला शेवटून दुसरा रकाना, "-", हा रेफरर, म्हणजे वाचक कुठून आला ते. तो इथे रिकामा आहे. मुलाने मैत्रिणीने पाठवलेला पीडीएफचा दुवा थेट उघडला असेल. तुमचं एचटीएमएल पान त्याने पाहिलंच नाही आणि पीडीएफमध्ये अ‍ॅनालिटिक्सचा कोड नसतो, म्हणजे तो मुलगा त्या ९४० मध्ये कुठेच नाही. तुमचा खरा वाचक अ‍ॅनालिटिक्सला दिसतच नाही, आणि एडब्ल्यूस्टॅट्समध्ये तो बॉटच्या गर्दीत हरवतो.

तेव्हा असं करा. पीडीएफच्या फक्त २०० आणि २०६ च्या ओळी घ्या. वापरकर्त्याच्या ओळखीत (ओळीतला शेवटचा रकाना) बॉट, क्रॉलर, स्पायडर, कर्ल, पायथन असले शब्द असतील त्या ओळी गाळा. मग ऑक या कमांडने पहिला रकाना (पत्ता) काढून सॉर्ट -यू लावा, म्हणजे प्रत्येक पत्ता एकदाच उरेल. मोबाइल नेटवर्कवर एका पत्त्यामागे अनेक माणसं असतात आणि एका माणसाचे पत्तेही बदलतात, त्यामुळे आकडा अदमासाचाच राहील, पण तो वाचकांचा अदमास असेल. गूगलबॉट म्हणवणारे सगळे खरे नसतात. पत्त्यावरून नाव काढलं की ते गूगलबॉट.कॉमवर संपायला हवं आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता यायला हवा.

आणि जुने लॉग आजच उतरवून ठेवा. बरेच होस्टिंगवाले ठरावीक दिवसांनी ते पुसून टाकतात.

शून्यएक
एक जोड. साइटपुढे सीडीएन (तुमच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवरून पोचवणारी मधली सेवा) असेल तर लॉगमध्ये वाचकाऐवजी सीडीएनचेच पत्ते दिसतील आणि मोजणी फसेल. आणि +०००० म्हणजे वेळ यूटीसीची, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची आहे. "मुलं कधी वाचतात" हे बघताना घड्याळ सरकवून घ्या.

गणितवाली
सीडीएन नाही. दोन रात्री बसले. बॉट गाळून पीडीएफ मागणारे वेगवेगळे पत्ते निघाले २,१८०. त्यातल्या १,५०० हून जास्त जणांनी एकही एचटीएमएल पान उघडलेलं नाही. दादा, ही मुलं मला कुठल्याच रिपोर्टात दिसत नव्हती.

मग एका पत्त्याच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. आधी त्रिकोणमिती, अकरा मिनिटांनी सोडवलेली उदाहरणं, मग पुन्हा त्रिकोणमिती. दुसऱ्या दिवशी तोच पत्ता, तीच दोन प्रकरणं. ती उदाहरणं तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा कुठे मनासारखी उतरली होती.

पण ४०४ च्या ओळींत एक वाईट गोष्ट सापडली. भूमितीच्या उदाहरणांची पीडीएफ १४० पत्त्यांनी मागितली आणि एकालाही मिळाली नाही. रेफररमध्ये माझंच अनुक्रमणिकेचं पान आहे.

लॉगवाचक
फाइलच्या नावात कुठे कॅपिटल अक्षर आहे का? विंडोजवर लहानमोठं अक्षर चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर त्या दोन वेगळ्या फाइली.

गणितवाली
तेच. फाइलच्या नावात पहिला जी कॅपिटल, दुव्यात लहान. माझ्या लॅपटॉपवर नीट उघडायची म्हणून कधी लक्षातच आलं नाही. आत्ता नाव बदललं आणि लॉग उघडा ठेवून बसले. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्या फाइलपुढे पहिलं २०० आलं, आणि त्याच पत्त्यावरून पाठोपाठ २०६, २०६, २०६.