बोटीवरचे दिवस : तुमचे अनुभव लिहा

स्वतःची बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने काही दिवस किंवा काही महिने फिरलेल्या सगळ्यांनी इथे लिहावं, ही विनंती. वादळाचीच गोष्ट हवी असं नाही, साधा दिवस कसा जातो तेही वाचायचं आहे. सुरुवात मी करते.

आमच्या बोटीवर घड्याळ आहे, पण दिवस ठरतो भरतीच्या कोष्टकावर. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून निघायची वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे सहाला निघालो, तर आठवड्याने तीच वेळ दुपारी बाराच्या सुमारास येते. सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. मग जेवण, झोप, सगळंच पाण्याच्या मागे गेलं. ५ नॉटचा वेग म्हणजे तासाला जेमतेम ९ किलोमीटर, सायकलवालासुद्धा पुढे निघून जाईल. सकाळी समोर दिसलेलं भूशिर दुपारी बाजूला येतं आणि संध्याकाळी मागे राहतं. एका डोंगराकडे इतका वेळ मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

*

मी रात्रीबद्दल लिहितो. नांगर टाकला की दिवस संपला, असं मलाही वाटायचं.

त्या संध्याकाळी ४ मीटर पाण्यात नांगर टाकला आणि २० मीटर साखळी सोडली. पाचपट झाली, हिशेब बरोबर. पण तो हिशेब ओहोटीच्या पाण्याचा होता. रात्री भरतीने पाणी ३ मीटर चढलं आणि पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंतची १ मीटर उंची मी धरलीच नव्हती. म्हणजे ८ मीटरला २० मीटर साखळी, जेमतेम अडीचपट. साखळी तळाशी आडवी पडून ओढत असेल तर नांगर चिखलात रुतत जातो. ती वरच्या दिशेने ओढू लागली की नांगर उपटून निघतो.

अडीचला जाग आली. आवाज काही नव्हता, बोटीचं हलणं बदललं होतं. पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला. नांगर धरून असेल तेव्हा साखळी हाताखाली संथपणे ताणते, सैलावते. ही थांबून थांबून थरथरत होती, खाली कुणी दगडांवरून लोखंड फरपटत न्यावं तशी. किनाऱ्यावरचे दोन दिवे संध्याकाळी मी एकामागे एक असे धरून ठेवले होते, ते आता एकमेकांपासून लांब गेले होते, म्हणजे बोट जागची सरकली होती. बायकोला हाक मारली, तिने इंजिन सुरू करून सुकाणू धरलं. नांगर वर घेतला, खोल पाण्याकडे सरकलो आणि या वेळी ४० मीटर साखळी सोडली. उजाडेपर्यंत दोघंही त्या दिव्यांकडे बघत बसलो.

लोक विचारतात, समुद्राची भीती नाही वाटत? मला भीती वाटते जमिनीची. खोल पाण्यात बोट सुखात असते, फुटते ती किनाऱ्यावर.

*

पाण्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही म्हणून थोडं लिहिते. भांडी आम्ही समुद्राच्या पाण्याने घासतो आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवतो. कपड्यांचं मात्र तसं चालत नाही. खाऱ्या पाण्यात धुतलेला सदरा उन्हात कडकडीत वाळतो आणि रात्री हवा दमट झाली की पुन्हा ओलसर होतो, कारण धाग्यात राहिलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. तीन रात्री ओलसर अंथरुणात काढल्यावर मला गोड्या पाण्याच्या एका तांब्याची किंमत कळली. आता घरी आल्यावरही नळ सोडून ठेवलेला मला बघवत नाही.

*

मी बाबांबरोबर जातो. त्यांचं वय ७२. घरी आमचं बोलणं जेवलास का, औषध घेतलंत का, एवढंच. बोटीवर रात्रीचा प्रवास असला की तीन-तीन तासांचे पहारे लावतो, आणि पहारा बदलताना दहा-पंधरा मिनिटं दोघंही जागे असतो. काळोखात शेजारी बसून, एकमेकांचा चेहरा दिसत नसताना, बाबा पहिल्यांदा त्यांच्या धाकट्या भावाबद्दल बोलले. मी काही विचारलं नव्हतं. मागे बोटीने ढवळलेलं पाणी निळसर चमकत होतं. पाण्यात अतिसूक्ष्म जीव असतात, ते धक्का लागला की उजळतात. बाबा त्याच्याकडेच बघत बोलत होते. मग म्हणाले, ‘‘जा, पड आता तू. मी आहे.’’

पहाटे त्यांनीच उठवलं. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागतो, तो मतलई वारा सुटला होता. किनारा अजून दिसत नव्हता. ‘‘वर ये,’’ बाबा म्हणाले, ‘‘मातीचा वास येतोय बघ.’’