व्हर्जन मॅनेजर पहिल्याच दिवशी शिकवावा की नाही?

कृष्णाकाठ
सांगलीत विश्रामबागला मी संध्याकाळी पोरांना जावास्क्रिप्ट शिकवतो. मागच्या बॅचमधल्या तासगावच्या एका मुलीनं भावाचा जुना प्रोजेक्ट आणला, बेदाण्याच्या पेट्यांची नोंद ठेवणारा. लॅपटॉपवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), आवृत्ती २०. बिल्ड (कोड वापरण्याजोगा तयार करायची पायरी) चालवला की लाल अक्षरांची रांग आणि त्यात ‘अनसपोर्टेड’. दोन तास ती स्वतःची चूक शोधत बसली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, “सर, मला हे जमणार नाही.”

चूक तिची नव्हतीच. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं आणि जुना वेबपॅक ४ (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) ज्या एमडी४ हॅशवर (फाइलचा ठसा काढायच्या जुन्या पद्धतीवर) चालतो तो त्यात मुळातच बंद ठेवलेला असतो. तिच्या उबुंटूवर (लिनक्सवर) एनव्हीएम टाकलं, म्हणजे नोडच्या अनेक आवृत्त्या ठेवून हवी ती निवडू देणारा व्हर्जन मॅनेजर, नोड १६ घेतलं, प्रोजेक्ट उभा राहिला. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: नोड शिकवायच्या आधी व्हर्जन मॅनेजर शिकवा. पहिल्याच दिवशी.

मिरज जंक्शन
सर, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझ्या वर्गातली बहुतेक पोरं जत-आटपाडीकडची, लॅपटॉप विंडोजचे. मूळ एनव्हीएम ही लिनक्स-मॅकच्या टर्मिनलसाठी लिहिलेली शेल स्क्रिप्ट आहे, ती विंडोजवर थेट चालत नाही. तिथं एनव्हीएम-विंडोज हा वेगळाच प्रकल्प घ्यावा लागतो. आधी टाकलेलं नोड काढलं नाही तर पाथमध्ये (प्रोग्राम कुठं शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत) दोघांचा गोंधळ. ज्याला पाथ म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला हे कसं समजावणार? पहिल्या दिवशी पोराला पडद्यावर स्वतःचं नाव उमटलेलं दिसलं पाहिजे. एलटीएसचा (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीचा) इन्स्टॉलर द्या आणि पुढं चला.

आणि नोड १६ ला सप्टेंबर २०२३ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्या मुलीचा प्रोजेक्ट नव्या वेबपॅकवर न्यायला हवा होता. जुनं नोड देऊन दुखणं झाकलंत.

अजिंक्यताऱ्याखाली
मी साताऱ्यात शिकते, दुसऱ्या वर्षाला. मिरजकर दादा, लॅबमधलंही बघा की. आमच्याकडं उबुंटू २२.०४ आहे. ॲप्टनं (उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडनं) नोड मागितलं की १२ मिळतं. उबुंटूची ही आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि त्याच महिन्यात नोड १२ ची मुदत संपली. नवं टाकायचं तर सुडोचा (ॲडमिनच्या अधिकाराचा) पासवर्ड लागतो, तो आम्हाला कोण देणार? एनव्हीएम आपल्या होम फोल्डरात बसतं, कुणाची परवानगी लागत नाही. ते कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे मशीन माझंही आहे.

हळदबाजार
मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम मी बघतो. दिवसभराच्या सौद्यांचा हिशेब रात्री ११ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्राममधून) निघतो. सर्व्हरवर एनव्हीएम टाकलं, हातानं चालवून बघितलं, सगळं व्यवस्थित. सकाळी शेठजींचा फोन, “शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या कुठायत?” लॉगमध्ये एकच ओळ: ‘नोड: नॉट फाउंड’. एनव्हीएम स्वतःच्या ओळी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) लिहितं, क्रॉन ती फाइल वाचतच नाही. शेतकरी दारात उभे आणि मी पाथ शोधतोय. आता क्रॉनमध्ये नोडचा पूर्ण पाथच देतो. शिकायच्या लॅपटॉपवर एनव्हीएम खुशाल टाका, पण ते कुठून आणि कधी चालू होतं हे सांगितल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका.

कृष्णाकाठ
हळदबाजार, हे मी वर्गात सांगत नव्हतो. आता सांगेन. मिरजकर, विंडोजबद्दल तुमचं खरं आहे. तिथं पहिल्या तासाला इन्स्टॉलरच बरा. वेबपॅकचंही मान्य, पण आधी जुनं चालताना दिसलं म्हणूनच ती नवं करायला धजावली. गेल्या आठवड्यात तिनं वेबपॅक ५ वर नेलं, स्वतः.

एक गोष्ट मात्र सोडणार नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एनव्हीएमआरसी फाइल हवी. आत फक्त नोडच्या आवृत्तीचा आकडा, २० नाहीतर २२. भावानं ती एक ओळ लिहून ठेवली असती तर तिचे दोन तास वाचले असते.

मिरज जंक्शन
त्या फाइलला माझी पहिल्या दिवसापासून हरकत नाही. ती लिहायला काही टाकावं लागत नाही. मॅनेजर मात्र मी दुसरा प्रोजेक्ट हातात आल्यावरच देणार. पायथनवाल्यांना तर त्याहून उशिरा. पायएन्व्ह, म्हणजे पायथनचा व्हर्जन मॅनेजर, लिनक्सवर पायथन सोर्समधून कंपाइल करतं (मूळ कोडपासून तयार करतं). ४ जीबीच्या लॅपटॉपवर पोरगं पंख्याचा आवाज ऐकत बसतं आणि ओपनएसएसएलच्या हेडर फाइल नसल्या तर शेवटी हाती एरर. तिथं मी व्हेन्व्ह (प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारं साधन) शिकवतो, तेवढ्यावर वर्षभर भागतं.

अजिंक्यताऱ्याखाली
दादा, तुमच्या वर्गात दुसरा प्रोजेक्ट कितव्या आठवड्यात येतो? आमच्याकडं सिनियरचा जुना कोड पहिल्याच आठवड्यात हातात देतात.