सल्ला हवा: सोलहून हाताने केलेले पारंपरिक कोरियन दागिने काय आणावेत?

मृणाल_डोंबिवली
पुढच्या महिन्यात आठ दिवस सोलला जाते आहे. दोन्ही भाच्यांनी तिथल्या स्वस्त दुकानांतले कानातले आणि क्लिपा मागितल्यात. तसले कानातले आमच्याकडे डबाभर पडलेत. महिन्याभरात पॉलिश उडतं, कान चिघळतो, मग कचऱ्यात. यंदा त्यांना टिकणारं, तिथल्या कुणी हाताने केलेलं काहीतरी द्यायचं आहे. आईलाही एक, ती सत्तरीतसुद्धा रोज शिवते. तिघींचं मिळून बजेट १२ हजार रुपये. नोरिगे, बिन्यो (अंबाड्यात खोवायचा काटा) ही नावं मालिकांतून कळली, पण पारख काहीच नाही. काय घेऊ आणि खरं कसं ओळखू?

हान_नदीकाठ
सहा वर्षं सोलमध्ये आहे. नोरिगेच घ्या. हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख. त्याच्या वरच्या आखूड सदऱ्याला, म्हणजे जोगोरीला, जी फीत बांधतात तिच्यात किंवा कमरेशी अडकवायचा हा लोलक. वर आकडा, मधे जेड, चांदी किंवा मीनाकारीचा अलंकार, त्याच्या वरखाली रेशमी दोराच्या गाठी आणि शेवटी गोंडा. तीन लोलकांचा संच असतो तो हानबोकवरच शोभतो. तुम्ही एकेरी घ्या. इथल्या मुली लहान नोरिगे पर्सला लावून रोज वापरतात.

पण नजर जेडवर नको, गाठीवर ठेवा. या गाठकामाला मेदुप म्हणतात. एकच दोर मधोमध दुमडून सुरुवात करतात आणि दोन्ही टोकं शेवटी पुन्हा मधूनच खाली उतरतात. म्हणून डावी-उजवी बाजू सारखी, आणि पुढची-मागचीही. दुकानात पहिल्यांदा वस्तू उलटी करा. मागे डिंकाचे थेंब किंवा कापलेली टोकं दिसली, फासे लहानमोठे असले, तर खाली ठेवा. चांगली गाठ सैल करून विणतात, मग फासा न् फासा ओढून घट्ट बसवतात. सगळा वेळ त्यातच जातो आणि किंमतही त्याचीच असते. १९६८ पासून मेदुप राष्ट्रीय अमूर्त वारशात आहे. मान्यताप्राप्त उस्तादांचं काम तुमच्या बजेटात बसणार नाही, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचं छोटं काम बघा.

इन्सादोंग या हस्तकलेच्या दुकानांच्या भागात रस्त्यावर टोपल्यांत ठेवलेला माल बराचसा बाहेरून येतो. मूळ देशाची चिठ्ठी बघा, नाहीतर सरळ विचारा, ‘कुक्सान?’ म्हणजे देशी का. ‘छुंगुक्सान’ म्हणजे चिनी.

खरेदीच्या आधी आंगुक स्थानकाजवळच्या सोल शिल्पकला संग्रहालयात एक सकाळ घालवा. २०२१ मध्ये उघडलंय, प्रवेश मोफत, सोमवारी बंद. खरं काम तासभर डोळ्यांखालून गेलं की बाहेरचं बनावट आपोआप खटकतं. तिथून इन्सादोंग चालत.

रेशीमगाठ
गाठींचं वाचून आजीची तुशी आठवली. दोर झिजला की ती पटवेकऱ्याकडे जायची. गोफ नवा, गोंडा नवा, सोनं तेच. आता आईकडे आहे. नोरिगेचंही असंच होतं का?

हान_नदीकाठ
अगदी तसंच. जुना जेड सोडवून नव्या दोरात बांधून देतात. शेजारच्या आजींकडे त्यांच्या सासूच्या नोरिगेतला चांदीचा अलंकार आहे, त्याखालचा गोंडा मात्र गेल्या वर्षीचा. घेताना विचारून ठेवा, गोंडा बदलून मिळेल का. खुद्द कारागीर असेल तर नाही म्हणत नाही.

चिंधी_ते_चांदणी
एका भाचीसाठी जोगाकबोचा बटवा सुचवते. हानबोक शिवून उरलेले तुकडे जोडून घरोघरी बायका रुमाल करायच्या, तेच हे काम. आपल्या गोधडीशी नातं लगेच जाणवतं, फरक शिवणीत. कडा एकमेकींत दुमडून शिवतात, त्यामुळे उलटी बाजू उरतच नाही. मोशी नावाच्या, तागासारख्या वनस्पतीच्या धाग्यांपासून विणलेल्या पारदर्शक कापडाचा मिळाला तर सोडू नका. हान्सानच्या मोशी विणकामाला २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. हातशिवण किंचित वेडीवाकडी असते, यंत्राची सरळसोट. तिथेही उलटून बघाच.

आणि आईला सुईघराचं नोरिगे! त्यातला अलंकार म्हणजे सुया ठेवायची डबी. नोरिगे नुसतं मिरवायला नव्हतं, कुणी त्यात सुया ठेवायचं, कुणी सुगंधी द्रव्य. शिवणाऱ्या बाईला याहून योग्य काही मला सुचत नाही.

मृणाल_डोंबिवली
सुईघर ठरलं! वाचतानाच डोळ्यांत पाणी आलं. एक शंका, फोटोंत बऱ्याच नोरिगेंवर वटवाघूळ दिसतंय. आमच्याकडे ते अशुभ मानतात.

हान_नदीकाठ
तिथे उलट. वटवाघळाच्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चार ‘बोक’, आणि सुदैवालाही ‘बोक’च म्हणतात, म्हणून ते शुभ. भाच्यांना सांगितलं तर आवडेल. घरात मोठ्यांना खटकणार असेल तर फुलपाखरू घ्या. चांदीची छोटी सुरी असलेलं नोरिगेही दिसेल. ते घेतलंत तर चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत.

रेशीमगाठ
भाच्यांपैकी एखादीला हाताने करायची आवड आहे का? असेल तर तोंगदेमुन जोंगहाप बाजारात पाचव्या मजल्यावर दागिन्यांचं सुटं सामान मिळतं. तिथून दोर, मणी, आकडे आणा. रविवारी बंद असतो.

मृणाल_डोंबिवली
धाकटीला आहे! तिला बटव्याबरोबर दोर आणि एक गोंडा. थोरलीला फुलपाखरू. शेवटचं विचारते, बॅगेत गोंडा चुरगळला तर?

हान_नदीकाठ
चुरगळणारच. गोंड्याचे धागे सरळ करून पातळ कागदाची सुरळी गुंडाळा, म्हणजे कमी चुरगळेल. घरी आल्यावर किटलीच्या वाफेवर थोडा वेळ धरा, बोटांनी खाली ओढत राहा आणि लटकवून वाळवा. अलंकाराला वाफ लागू देऊ नका. आणि इस्त्री अजिबात फिरवू नका.