मदत हवी आहे: २०११ च्या ई. कोलाय साथीत मेथी दोषी कशी ठरली?

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. गुरुवारी सेमिनार आहे. विषय 'अन्नातून पसरणाऱ्या साथी आणि जिवाणूंचे जनुकीय ठसे'. हौसेने मागून घेतला आणि आता फसले आहे.

पीएफजीई (पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा ठसा काढायची पद्धत) समजलंय: जिवाणू अगारोजच्या (जेलीसारखा पदार्थ) प्लगमध्ये बंद करायचे, तिथेच फोडायचे, एक्सबा-वनसारख्या एन्झाइमने डीएनए मोजक्या ठिकाणी कापायचा आणि दिशा बदलत्या विद्युतक्षेत्रात तुकडे पळवायचे. साध्या जेलमध्ये एवढे मोठे तुकडे वेगळे होत नाहीत. पट्ट्यांचा पॅटर्न जुळवायचा. अमेरिकेत १९९३ च्या हॅम्बर्गरवाल्या साथीनंतर, १९९६ मध्ये यावरच 'पल्सनेट' हे असे ठसे जुळवणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. इथपर्यंत ठीक.

अडतंय जर्मनीत. ई. कोलाय या जिवाणूच्या ओ१०४:एच४ या प्रकाराची साथ, ३,८०० च्या वर आजारी, ५० हून जास्त मृत्यू. आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला. काकडीत ई. कोलाय सापडला, पण प्रकार वेगळा निघाला, म्हणून काकडी सुटली. हे पटलं. मग मोड आलेल्या मेथीवर ठपका ठेवला, पण मेथीदाण्यांत तो जिवाणू कधी सापडलाच नाही! ठसे जुळवायला आरोपीचं बोटच नाही, मग जुळवलं काय? सरांना विचारलं तर म्हणाले, 'वाच.' वाचूनच तर इथे आलेय.

प्रतिसाद १
अगं, तिथे ठसे मेथीशी नाही, रुग्णांशी रुग्ण जुळवले. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्डोजवळ काही जण आजारी पडले, त्यांच्यातही हाच स्ट्रेन (जिवाणूचा नेमका हाच वाण). जर्मनीत मोड काढणाऱ्या ज्या शेतावर संशय होता, तिथले मोड त्यांनी खाल्लेले नव्हते. मग दोन्हीकडे सामायिक काय? पुरवठादारांची कागदपत्रं उलटी तपासत गेल्यावर मिळाला मेथीदाण्यांचा एकच लॉट, २००९ अखेर इजिप्तहून निघालेला, सुमारे १५ टनांचा. तेव्हा ठसा हा निम्माच पुरावा, उरलेला निम्मा चलनं-बिलांचा.

दाण्यांवर जिवाणू अगदी थोडे आणि कुठेतरीच असतील तर नमुन्यात हुकतात. मोड काढायची ऊब आणि ओल मिळाली की तेच भराभर वाढतात.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर घालतो: रुग्णांना मोड खाल्लेले आठवतच नव्हते, सॅलडवर भुरभुरलेले ते. म्हणून एका रेस्टॉरंटमध्ये कोणी काय मागवलं ते बिलांवरून काढलं आणि कशात मोड पडतात हे आचाऱ्याला विचारलं. सेमिनारमध्ये हे सांगच, लोक जागे होतात.

आणि 'पॅटर्न जुळला म्हणजे उगम एकच' असं लिहू नकोस. साल्मोनेला एन्टेरिटिडिसमध्ये (अन्नातून पसरणारा आणखी एक जिवाणू) मोजकेच पॅटर्न इतके सर्रास आढळतात की परस्परांशी संबंध नसलेले रुग्णही सारखे दिसतात. म्हणूनच पल्सनेट २०१९ मध्ये पूर्ण जिनोमच्या सिक्वेन्सिंगवर (सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचण्यावर) गेलं.

धागाकर्ती
बापरे, सातव्या स्लाइडवर नेमकं तेच वाक्य आहे! बदलते. दोघांचेही आभार. (आईने आजच मेथीला मोड आणलेत. उसळ नीट शिजव म्हटलं तर माझ्याकडे कशी बघितली!) जिनोममध्ये किती बदलांपर्यंत स्ट्रेन 'एकच' धरतात, हेही कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
ठरावीक आकडा नाही. जिवाणू कोणता, साथ किती दिवस चाललीय, यावर ठरतं. सरांनी विचारलं तर हेच सांग.