किशोर कादंबऱ्यांतले मानसिक आजार: तुम्हाला काय खटकतं?

कुरकुऱ्या
आत्ताच एक कादंबरी संपवली आणि जुनी चिडचिड वर आली. नायिकेला नैराश्य, नवव्या प्रकरणात गोळ्या सुरू, दहाव्यात बाई नाचतेय! अहो, गुण दिसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. मळमळ, झोपेची वाट लागणं हे मात्र पहिल्याच आठवड्यात. त्रास आधी, आराम नंतर. कथेला आयता ताण मिळतो तो इथेच, आणि नेमका तोच गाळतात. तुम्हीही लिहा.

रातकिडा
ओसीडी (मंत्रचळ) म्हणजे हात धुणं, संपलं यांचं ज्ञान. खरा छळ नकोशा विचारांचा. ‘माझ्यामुळे कुणाला इजा झाली तर?’ मग दहादा विचारून खात्री करायची, क्षणभर बरं, की शंका परत हजर. खात्री मिळत गेली की आजार फोफावतो, म्हणून ईआरपी उपचारात (भीतीला सामोरं जायचं, पण नेहमीची कृती टाळायची) ती मागणंच थांबवायला शिकवतात. पुस्तकातला प्रेमळ मित्र मात्र पानोपानी ‘काही नाही होणार गं’!

शाईचा डाग
त्या मित्राला आवरा कुणीतरी 😂

पानगळ
बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांच्या झटक्यांचा आजार) म्हणजे सकाळी हसू, संध्याकाळी रडू नव्हे. उन्माद किमान 7 दिवस टिकावा लागतो (दाखल करायची वेळ आली तर ही अट नाही), हायपोमेनिया (सौम्य उन्माद) 4 दिवस. वर्षात चार झटके आले तरी त्याला रॅपिड सायकलिंग (झटपट फेरे) म्हणतात. त्यावरचं औषध लिथियम दाखवताय तर रक्ततपासणीही दाखवा.

खिडकी
समलिंगी किंवा ट्रान्स पात्र आलं की नैराश्य सोबत फुकट! ओळख हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली. त्रास होतो टोमण्यांनी, लपवाछपवीने, घराबाहेर काढतील या धास्तीने. ते प्रसंग लिहा ना.

टिकोजी
मग तीच ओळख असलेल्या लेखकानेच लिहायचं का?

खिडकी
टिकोजी, नाही. तसा शिक्का मारायला ‘ओनव्हॉइसेस’ शब्द होता. लेखकांवर स्वतःचं खासगी जाहीर करायचा दबाव यायला लागला, म्हणून पुस्तकांत विविधता यावी यासाठी झटणाऱ्या ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या अमेरिकन संस्थेने 2021 मध्ये तो सोडला. त्यापेक्षा खर्डा त्या अनुभवातल्या दोन-तीन जणांना वाचायला द्या, मोबदला देऊन. आणि कथानक पक्कं व्हायच्या आधी. नंतर फक्त शब्द बदलतात, चूक तशीच राहते.

रातकिडा
आत्महत्येच्या प्रसंगात पद्धत, जागा, चिठ्ठीचा मजकूर नको. ‘आता कळेल सगळ्यांना’ छापाचा सूड तर नकोच. मदत मागितली ते दृश्य सविस्तर येऊ दे.

शाईचा डाग
पोरगं फोन ओढतंय, पटकन विचारते. पानगळ, लिथियमवर मीठ तोडलं तर काय होतं?

पानगळ
मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातली पातळी चढते. हात जास्तच थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते. जुलाब-उलट्यांनीही तेच. न सांगता डाएटवर गेलेली नायिका घ्या, प्रकरण तयार.